टाकीतला उजेड नेमका कोण खातो?

मे महिन्यात भाचा पुण्याहून मालवणला आला होता. संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो होतो आणि शेजारच्या घोळक्यात नेहमीचा विषय निघाला: लाईटवाल्या बोटी. कोकणच्या किनाऱ्यावर ‘एलईडी’ म्हटलं की घरातला बल्ब कुणाच्या डोक्यात येत नाही, समुद्रातला तंटा येतो. रात्री पाण्यात प्रखर दिवे सोडायचे, मासळी गोळा झाली की जाळं फिरवून उचलायची, या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरी पारंपरिक मच्छीमारांची ओरड काही थांबलेली नाही. भाच्याने हे सगळं कान देऊन ऐकलं. घरी आल्यावर आमच्या काचेच्या टाकीसमोर उभा राहून म्हणाला, “मामा, समुद्रातले मासे दिव्याकडे येतात, मग तुझे मासे दिवा लावला की दगडामागे का पळतात?”

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याने अगदी मुळालाच हात घातला होता. फिश टँकला दिवा कुठला घ्यावा यावरून दुकानात, घरात, मित्रांत जो गोंधळ चालतो, तो इथूनच सुरू होतो. दिवा माशांसाठी असतो असं आपण धरून चालतो.

समुद्रात दिव्याखाली पंगत बसते

रात्री समुद्रात दिवा सोडला की उजेडाभोवती आधी अगदी बारीक तरंगणारे जीव जमतात. त्यांना खायला लहान मासे येतात, लहान माशांमागे बांगडा, म्हाकूल. काही मासळी थेट उजेडाकडेही ओढली जाते, पण बहुतेकांना तिथे टिकवून ठेवतं ते जेवण.

आपल्या टाकीतल्या मंडळींचं गाव वेगळं. निऑन टेट्रा मूळचा अॅमेझॉनच्या जंगलातला. तिथले ओहोळ कुजलेल्या पानांनी कोऱ्या चहासारखे झालेले, वर झाडांचं छत, खाली संधिप्रकाश. फायटर म्हणून विकला जातो तो बेट्टा आग्नेय आशियातल्या भातखाचरांतला आणि दलदलीतला, गवताच्या आडोशाने राहणारा. अशा माशाला डोक्यावर लख्ख उजेड म्हणजे उघड्या माळावर उभं केल्यासारखं. वरून बगळा किंवा खंड्या झडप घालेल, ही भीती त्याच्या रक्तातच आहे. माशाला पापण्याही नसतात, डोळे मिटून घेण्याची सोय नाही. मग तो दगडामागे जातो.

म्हणजे माशाला दिवा लागतो तो एवढ्यापुरताच, की दिवस कधी झाला आणि रात्र कधी झाली ते कळावं. खोलीतला उजेड त्याला पुरतो. आपल्याला दिवा लागतो तो मासे नीट दिसावेत म्हणून. उजेड खरोखर ‘खाणारे’ टाकीत दोघंच: पाणवनस्पती आणि शेवाळ. उजेड हे त्यांचं अन्न आहे हे एकदा मनाशी पक्कं झालं की दिव्याचे बाकीचे प्रश्न निम्म्याने सोपे होतात. पाहुणे किती आणि कोण, हे ठरल्याशिवाय आपण तांदूळ भिजत घालत नाही; तसं टाकीत काय लावणार ते ठरल्याशिवाय दिवा घेऊ नये. बहुतेक लोक, मीही त्यातलाच, आधी दिवा घेतात.

माझी निळी पट्टी

माझी पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदाराने तिच्यासोबत निळ्या-पांढऱ्या एलईडीची पट्टी दिली. दिवसा पांढरी, रात्री निळी, “नाईट लॅम्पचं पण काम करेल.” टाकी मी हौसेने पडवीत खिडकीशी ठेवली. पश्चिमेचं ऊन दुपारी तासभर काचेवर यायचं, माशांच्या अंगावर चमकायचं, घरातले सगळे खूश. दिवसभर पांढरा दिवा, रात्रभर निळा.

तीन आठवड्यांत पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं. मागची काच दिसेना, मग मासेही दिसेनात. शेजारच्या काकी नारळ द्यायला आल्या होत्या. टाकीत डोकावून म्हणाल्या, “ह्यात मासे पाळलंस की शेवाळ?”

मी दोष फिल्टरला दिला. मोठा फिल्टर आणला, काही फरक नाही. कारण हिरवं पाणी म्हणजे मळ नसतो. ती पाण्यात तरंगणारी, एकेका पेशीची, डोळ्याला सुटी न दिसणारी शैवालं असतात आणि फिल्टरच्या स्पंजमधून ती आरामात पार होतात. ज्या तोंडात घास जात होता ते तोंड मी बंद करत होतो, पण वाढणारा हात काही थांबवत नव्हतो.

त्यातली खरी गंमत मला पुढे कळली. निळा उजेड आपल्या डोळ्याला मंद वाटतो, म्हणून तो नाईट लॅम्प म्हणून खपतो. पण वनस्पतींच्या आणि शैवालांच्या हिरव्या द्रव्याला, म्हणजे हरितद्रव्याला, निळा रंग फार आवडतो. माझी पट्टी चांगली जोरदार होती. म्हणजे मला जी रात्र वाटत होती, ती शेवाळाची दुसरी पंगत होती.

वॅट, लुमेन आणि पीएआर

दिवा मोजायचे तीन प्रकारचे आकडे असतात. होडीच्या भाषेत सांगतो. वॅट म्हणजे इंजिनने किती डिझेल जाळलं. मासळी किती आली ते त्यावरून कळत नाही. ट्यूबलाईटच्या जमान्यात ‘इतक्या पाण्याला इतके वॅट’ असा हिशेब चालायचा, कारण सगळ्यांची इंजिनं सारखीच होती. एलईडी त्याच उजेडाला निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज खाते, त्यामुळे तो हिशेब आता मोडीत निघाला. दुकानात अजून कुणी वॅटवरून दिवा सुचवत असेल तर ऐकून घ्यावं आणि खोकं उलटून बघावं.

लुमेन म्हणजे प्रत्यक्ष मासळी, पण माणसाच्या डोळ्याच्या तराजूत तोललेली. आपल्या डोळ्याला पोपटी-हिरवा उजेड सगळ्यात ठळक दिसतो, म्हणून लुमेनच्या हिशेबात हिरव्याला भाव जास्त आणि निळ्या-लालला कमी. वनस्पतींचा तराजू वेगळा. त्या जांभळ्या-निळ्यापासून लालपर्यंतचा सगळा पट्टा वापरतात, त्यातही निळा आणि लाल जास्त. या पट्ट्यातला उजेड दर सेकंदाला पानावर किती पडतो, त्या मोजमापाला पीएआर म्हणतात आणि तो मायक्रोमोल नावाच्या एककात सांगतात. एककाचं नाव विसरलात तरी चालेल, पण आकड्यांचा आवाका लक्षात ठेवण्यासारखा आहे. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीतल्या सोशिक झाडांना तळाशी १५ ते ३० पुरतो, मध्यम झाडांना ३० ते ५०. म्हणजे उन्हाच्या शंभराव्या हिश्श्यात काम भागतं. आपण टाकीला उजेड कमी देतो असं कधीच होत नाही म्हणा ना. जवळजवळ प्रत्येक घरात जास्तच दिलेला असतो.

पीएआर मोजायचं यंत्र महाग असतं आणि घरच्या टाकीसाठी ते घ्यायची काही गरज नाही. लुमेनवरून ढोबळ अंदाज निघतो, कारण नेहमीच्या पांढऱ्या दिव्यांत रंगांची मिसळण साधारण सारखी असते. सोशिक झाडांना लिटरमागे १० ते २० लुमेन, मध्यम झाडांना २० ते ४०. त्यावर जायचं असेल तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा सिलिंडर आला, खतं आली, दर आठवड्याची छाटणी आली. तो वेगळा संसार आहे.

आता माझ्याच टाकीचं गणित. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. दोन बाय एक बाय एकची टाकी म्हणजे दोन घनफूट, ५६-५७ लिटर. रेती, दगड आणि वरची चार बोटं रिकामी जागा सोडली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. त्याला १५ ते २० ने गुणलं की पावणेसातशे ते नऊशे लुमेन. गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो. त्यातला थोडा उजेड बाजूला वाया जातो म्हणून वर शेड हवी, पण हिशेब तिथेच येऊन थांबतो. टाकीच्या लांबीवर उजेड सारखा पसरायला हवा असेल तर दोन फुटी, १० वॅटची एलईडी बॅटन घ्या. ‘अॅक्वेरियम स्पेशल’ असा शिक्का नसला तरी झाडाला त्याने फरक पडत नाही. महागड्या दिव्यात मिळतं ते मंद-प्रखर करायची सोय, टायमर, पाणी न शिरणारं खोळ आणि दिसायला देखणं रूप. ते हवं असेल तर जरूर घ्यावं, पण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

टाकी दीड फुटाहून खोल असेल तर तळापर्यंत पोचता पोचता उजेड बराच पसरून पातळ होतो. तिथे थोडा जास्त दिवा लागतो, किंवा तळाला सावलीत जगणारी झाडं लावावी लागतात.

एकदा पोफळीच्या बागेत जाऊन या

कुठल्या झाडाला किती उजेड, याचं कोष्टक पाठ करायची गरज कोकणातल्या माणसाला पडू नये. आपल्या बागायतीत सगळ्यात वर माड, सगळं ऊन त्याचं. त्याखाली पोफळी. पोफळीला बिलगून मिरीचा वेल, बाजूला जायफळ, केळ. अगदी जमिनीलगत, जिथे उन्हाचे नुसते कवडसे पडतात, तिथे हळद आणि आलं. हळदीला माडाचं ऊन द्यायला कुणी जात नाही.

टाकीतही तेच. अनुबियास आणि जावा फर्न म्हणजे टाकीतली हळद. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून ठेवायची, हळूहळू वाढतात, पान जाड. प्रखर दिव्याखाली ठेवली तर हळू वाढणाऱ्या त्या पानांवरच शेवाळ बसतं आणि लोक म्हणतात झाड खराब निघालं. क्रिप्टोकोरिनही याच गोत्रातली. तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतच सापडतात, काठच्या झाडोऱ्याच्या सावलीत. त्या तिथून उपटून आणू नयेत, नर्सरीतल्या सहज मिळतात. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला मधल्या मजल्यावरच्या. आणि ज्या लालभडक पानांच्या जाती फोटोत बघून आपण भुलतो, ते टाकीतले माड. त्यांना खरोखर तगडा दिवा लागतो आणि सोबत सिलिंडरही.

ज्यांच्या टाकीत नुसती प्लास्टिकची झाडं आहेत त्यांनी पुढचं फार वाचायची गरज नाही. मासे दिसतील इतका दिवा, संध्याकाळी तीन-चार तास. उजेड जास्त झाला तर प्लास्टिकवरही शेवाळ तितक्याच प्रेमाने बसतं.

६५०० के म्हणजे जास्त ताकद नव्हे

खोक्यावर २७०० के, ४००० के, ६५०० के असं लिहिलेलं असतं. ‘के’ म्हणजे केल्विन. तो उजेडाच्या छटेचा आकडा आहे, जोराचा नाही. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ६५०० म्हणजे दुपारच्या आभाळासारखा पांढरा. आकडा वाढेल तसा उजेड निळसर होत जातो. १०००० चा दिवा ‘पॉवरफुल’ आहे असं सांगून विकतात, पण तो फक्त जास्त निळा असतो.

झाडं या आकड्याबाबत फारशी चोखंदळ नाहीत. पांढरी एलईडी मुळात निळीच असते, तिच्यावर पिवळा लेप देऊन उजेड पांढरा केलेला असतो. त्यामुळे निळा तिच्यात असतोच, लाल मात्र थोडा कमी पडतो. ६५०० च्या आसपासच्या दिव्याखाली झाडंही वाढतात आणि पाणी स्वच्छ, गारही दिसतं. म्हणून तो रूढ झाला आहे.

डोळ्यांसाठी दुसरा एक आकडा जास्त मोलाचा आहे आणि तो कुणी बघत नाही: सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, शंभरपैकी. आई-काकू साडी घेताना दुकानाच्या ट्यूबवर विश्वास ठेवत नाहीत, पदर धरून दारातल्या उजेडात नेऊन बघतात. बाजारात मासा घेतानाही आपण कल्ला उचलून उन्हाकडे वळवतो. कारण तेच. स्वस्त दिव्याखाली लाल रंग मातकट दिसतो, मग गोल्डफिश आजारी आहे की काय असं वाटू लागतं. ८० च्या वरचा सीआरआय चालतो, ९० च्या वर असेल तर मासे अक्षरशः उजळतात. लाल-हिरव्या-निळ्या चिपांचे, रिमोटवर रंग बदलणारे दिवे पार्टीला ठीक. सतत रंग पालटणाऱ्या दिव्याखाली कुठल्याच जिवाला चैन पडणार नाही.

दिवा बसवायचा तो वरच, आणि शक्य असेल तर किंचित पुढच्या बाजूला, म्हणजे माशाची आपल्याकडची बाजू उजळते. मागे बसवला तर नुसत्या सावल्या पोहताना दिसतात. तळातून येणारे दिवे मला पटत नाहीत. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते उजेड वरून येतो म्हणूनच.

“मग प्रखर दिवा लावला तर झाडं लवकर वाढतील ना?”

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर मोदकात आहे. समजा दहा मोदकांची तांदळाची पिठी आहे आणि नारळ-गुळाचं सारण पन्नास मोदकांचं केलं. मोदक होतील दहाच. चाळीस मोदकांचं सारण ओट्यावर पडून राहील आणि अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागेल.

झाडाला वाढायला उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि क्षार, तिन्ही लागतात. जे सगळ्यात कमी, तेवढीच वाढ. घरच्या टाकीत बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड कमी असतो. दिवा दुप्पट केला म्हणजे सारण दुप्पट केलं, पिठी तेवढीच. उरलेल्या उजेडावर आणि माशांच्या विष्ठेतल्या क्षारांवर शेवाळ येतं. शेवाळ ही मुंगी आहे. ती मारून संपत नाही, ओटा पुसावा लागतो.

शेवाळाचा रंग बघून थोडंफार निदान करता येतं. नवीन टाकीत पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत काचेवर तपकिरी पावडरीसारखा थर येतो, तो दिव्याच्या चुकीमुळे नसतो आणि आपोआप ओसरतो. काचेवर नखाने न निघणारे हिरवे ठिपके आले तर उजेड जास्त होतोय. निळसर हिरवा, चिकट, कुबट वासाचा पापुद्रा दिसला तर ते शेवाळ नसून जिवाणूंचा प्रकार आहे. तिथे दिव्यापेक्षा टाकीतली घाण आणि साचलेलं पाणी बघावं.

दिवा बदलायच्या आधी घड्याळ बदला

माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. नवीन टाकीला दिवसाला सहा तास, झाडं रुजल्यावर सात-आठ. त्यावर नको. आपण घरी नसताना जळणारा दिवा कुणासाठी असतो? दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत ठेवला तर शाळा-ऑफिसातून आल्यावर मासे दिसतात आणि सकाळची पाळी खोलीच्या उजेडावर निघते. हे हाताने जमत नाही. रविवारी उशीर होतो, लग्नाला गेलं की दोन दिवस दिवा तसाच. प्लगमध्ये बसणारा साधा टायमर आणा आणि विसरून जा.

एक छोटी गोष्ट: मिट्ट काळोखात टाकीचा दिवा एकदम लावू नये. मासे दचकून काचेवर आपटतात. आधी खोलीतली ट्यूब, पाच-दहा मिनिटांनी टाकी. रात्री उलट क्रमाने.

माझं हिरवं पाणी असंच गेलं. टाकी खिडकीपासून हलवली. तीन दिवस दिवा पूर्ण बंद, टाकीवर जुनी चादर, हवेचा पंप मात्र चालू. मग एक तृतीयांश पाणी बदललं आणि सहा तासांचा टायमर लावला. निळ्या पट्टीची वायर कापून टाकली. सोशिक झाडांना तीन दिवसांच्या अंधाराने काही होत नाही, अन्न साठवलेलं असतं त्यांच्याकडे. तरंगत्या शेवाळाची तेवढी शिल्लक नसते. दिवा कमी करता येत नसेल तर तो एक वीत वर उचला, किंवा पाण्यावर थोडी तरंगती सालविनिया सोडा. सावलीही होते, आणि पाण्यातलं खतही तीच ओढून घेते.

“खिडकीतलं ऊन फुकट आहे की!”

फुकट आहे, पण मोजून देता येत नाही. वर पीएआरचा आकडा सांगितला: २००० विरुद्ध ३०. शिवाय कोकणातल्या मे महिन्यात घरातलंच पाणी तापलेलं असतं, त्यावर तासभर ऊन म्हणजे आणखी दोन-तीन अंशांची भर. पाणी तापेल तसा त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. अंगणातल्या दगडी कुंड्यात कमळाखाली गप्पी सुखाने राहतात ते पाणी वरून मोकळं असतं, कमळाची पानं सावली धरतात आणि गप्पी हा जात्याच चिवट मासा आहे म्हणून. काचेच्या चौकोनात ती सोय नाही.

समुद्र दारात आहे, मग खाऱ्या पाण्याची टाकी का नको?

इथे निळ्या दिव्याचं खरं घर सापडतं. तारकर्लीला स्कुबा केलेल्यांना ठाऊक असेल, खाली जाऊ तसा लाल रंग विझत जातो. दहा मीटरवर तो जवळजवळ संपतो आणि सगळं निळं-हिरवं दिसतं. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्याचं बरंचसं जेवण तीच शिजवतात. लाखो वर्षं निळसर उजेडात राहिलेली ही जोडी, म्हणून प्रवाळाच्या टाकीला निळा दिवा, आणि तोही जोरदार: मऊ प्रवाळाला ५० ते १०० पीएआर, काही कठीण प्रवाळांना २०० च्या वर. माझी निळी पट्टी त्या घराण्यातली होती, गोड्या पाण्यात चुकून आलेली.

पण किनाऱ्यावरून किंवा खडकातून जिवंत प्रवाळ उचलून आणायचा विचारही करू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. मालवणचा काही समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

खारा वारा, पाऊस आणि गेलेली लाईट

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात हा भाग नसतो. खोक्यावर लिहिलेलं असतं, दिवा २५००० तास चालेल. रोज आठ तास धरले तर साडेआठ वर्षं. किनाऱ्यावर इतकं कुणी टिकलेलं मी पाहिलं नाही. एलईडी मरत नाही, तिला वीज देणारा छोटा डबा, ड्रायव्हर, तो आधी जातो. खारी हवा, पावसाळी ओल आणि खालीवर होणारा दाब, तिघं मिळून त्याला खातात. म्हणून ड्रायव्हर वेगळा, टाकीपासून लांब आणि बदलता येण्याजोगा असेल असा दिवा घ्यावा. अंग अॅल्युमिनियमचं, स्क्रू गंजणार नाहीत असे. आयपी ६५ किंवा ६७ असा आकडा बघा. त्यातला दुसरा अंक पाण्यापासून बचावाचा. ५ म्हणजे फवारा सोसेल, ७ म्हणजे थोड्या वेळापुरता पाण्यात पडला तरी चालेल. टाकीवर काच ठेवली तर शिंतोडे अडतात, पण तिच्यावर पांढरट थर धरतो आणि उजेड घटतो. आठवड्याला पुसावी.

वीज आणि पाणी शेजारी ठेवतोय, तर दोन गोष्टींत कसूर नको. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली लोंबती, पोट आल्यासारखी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथे ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. आणि घरात ३० मिलीअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा. आकाश गरजायला लागलं की तेच.

वीजबिलाची धास्ती मात्र सोडा. १० वॅटची बॅटन रोज आठ तास म्हणजे महिन्याला अडीच युनिटसुद्धा नाही. जुन्या चोकवाल्या ४० वॅटच्या ट्यूबला बारा लागायचे.

आता लाईट गेली तर? आपल्याकडे वीज गेली असं कुणी म्हणत नाही, लाईट गेली म्हणतात, आणि त्यामुळे लोक टाकीच्या बाबतीत फसतात. काळजी दिव्याची करतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. दापोलीच्या माझ्या एका मित्राने त्या दिवसांत दर तासाला तांब्याने टाकीतलं पाणी उचलून वरून धार धरून परत ओतलं, हवा मिसळावी म्हणून. झाडं उजेडावाचून निस्तेज झाली, पुढे सावरली. मासे वाचले ते तांब्यामुळे. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हवेचा पंप जोडा, दिवा नको. बॅटरीवर चालणारा छोटा पंपही मिळतो.

भाचा होता त्याच आठवड्यात एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. तासाभराने तो मोबाईलचा उजेड बोटांआड धरून टाकीपाशी गेला आणि ओरडला, “मामा, यांचा रंग गेला!” टेट्रा दगडाबाहेर, पाण्याच्या मधोमध स्तब्ध तरंगत होते. निळी रेघ विझलेली, शेपटीकडचा लाल पट्टा पाणी घातलेल्या सोलकढीसारखा. अंधारात ते रंग मिटवून घेतात, उजाडल्यावर थोड्या वेळात परत आणतात. मी त्याला मोबाईल बंद करायला सांगितला. सकाळी सहाला तो माझ्याआधी उठून टाकीसमोर पाटावर बसला होता, रंग येताना बघायला.